डिझेल गाडीचा निकाल वयावर लावू नका

कराड, पाटण, कडेगाव, वाळवा या पट्ट्यात २००८ ते २०१२ या काळात घरोघरी आलेल्या छोट्या डिझेल गाड्यांची नोंदणीची पंधरा वर्षे आता संपत आली आहेत, काहींची संपूनही गेली आहेत. मारुतीची स्विफ्ट आणि डिझायर, टाटाची क्वाड्राजेट व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया. कंपन्या वेगळ्या, पण या डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली इंजिन एकच आहे: फियाटने घडवलेले १.३ लिटरचे मल्टिजेट. एमएच-१०, एमएच-११ आणि एमएच-५० क्रमांकाच्या या गाड्यांच्या मालकांना आता ठरवायचे आहे. एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालेले शुल्क भरून, पुन्हा पासिंग करून आणखी पाच वर्षे गाडी वापरायची, की मिळेल त्या किमतीला काढून टाकायची? याचे उत्तर सध्या सगळीकडे वयाच्या हिशेबाने दिले जाते. पंधरा वर्षे झाली, डिझेल आहे, म्हणजे भंगार. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहाच वर्षांची मुदत आहे, मग आपल्याकडेही तेच येणार, अशी भीती त्यात मिसळलेली असते. वास्तविक ती दहा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि तिच्या परिसरापुरती घातली होती, आणि तिथेही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी आपोआप बाद होत नाही. ती तपासणीला पात्र ठरली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. माझे म्हणणे असे की या इंजिनाच्या बाबतीत जन्मसाल हे सर्वांत निरुपयोगी माप आहे. त्याची प्रकृती ठरते ती त्यात कोणते ऑइल किती दिवस राहिले आणि ते कोणत्या रस्त्यावर, किती अंतर चालले यावर. या मापाने पाहिले तर पंधरा वर्षांच्या कितीतरी गाड्या रस्त्यावर राहायला लायक ठरतील, आणि आठ-दहा वर्षांच्या कितीतरी गाड्या आजच बाजूला काढाव्या लागतील.

हे इंजिन मुळात काय आहे, ते आधी पाहायला हवे. २००३ मध्ये युरोपात ते आले आणि २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटातले आंतरराष्ट्रीय सर्वोत्तम इंजिन ठरले. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १२४८ सीसी. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर, म्हणजे व्यासापेक्षा धाव बरीच मोठी. ओढ खालच्या फेऱ्यांवर मिळावी, यासाठी ही रचना. साध्या टर्बोच्या आवृत्तीत ७५ पीएस ताकद आणि २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन मीटर टॉर्क, तर पाती हलणाऱ्या टर्बोच्या आवृत्तीत ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. भारतात ते दोन ठिकाणी बनत असे: मारुतीसाठी परवान्याखाली हरियाणातील मानेसरला, आणि फियाट-टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात पुणे जिल्ह्यातील रांजणगावला. जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली, मार्च २००८ मध्ये डिझायर, त्याच वर्षी व्हिस्टा. पुढे अर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा गाड्यांतूनही तेच इंजिन आले, आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू होताच मारुतीने डिझेल गाड्या पूर्ण थांबवल्या. या इंजिनात डिझेल चौदाशे ते सोळाशे बार दाबाने फवारले जाते. गाडीच्या चाकात हवा असते ती सव्वादोन बारच्या आसपास, यावरून त्या दाबाची कल्पना यावी. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी, आणि एका स्फोटासाठी डिझेल एकदम न सोडता संगणकाच्या हुकमाने तुकड्यातुकड्यांत सोडले जाते. टर्बोचा दांडा पूर्ण वेगात मिनिटाला दोन लाखांच्या वर फेऱ्या घेतो, आणि तो दांडा तरंगत असतो केवळ ऑइलच्या एका पातळ थरावर.

ही आकडेवारी मुद्दाम दिली, कारण कृष्णाकाठच्या माणसाच्या मनातले डिझेल इंजिन वेगळे आहे आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. डिझेलशी या भागाची ओळख फार जुनी. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याला खडकीत उभी राहिली. विहिरीवर आणि नदीकाठावर बसवलेल्या या इंजिनांनी कित्येक पिढ्यांचा ऊस जगवला. ते इंजिन मिनिटाला पंधराशेच्या आसपास फेऱ्यांवर चालायचे, साध्या यांत्रिक पंपाने डिझेल घ्यायचे, आणि डिझेलमध्ये थोडी घाण असली, ऑइल काळे झाले, तरी कुरकुर न करता चालायचे. पुढे ट्रॅक्टर आले, जीप आल्या, टेम्पो आले. त्यांनीही हाच अनुभव दिला. डिझेल म्हणजे दणकट, डिझेल म्हणजे हेळसांड सोसणारे, अशी खात्री शेतकऱ्याची झाली आणि मेकॅनिकचीही. ती खात्री त्या यंत्रांपुरती शंभर टक्के खरी होती. चूक झाली ती पुढे. तीच खात्री आपण इतक्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या या कॉमन रेल इंजिनावर लादली. पंपाच्या इंजिनाचा स्वभाव ज्याला माहीत आहे, त्याला हे इंजिनही तसेच असणार असे वाटले, कारण दोन्हींच्या टाकीत पडते ते एकच डिझेल.

म्हणून या इंजिनाचे जे आजार कराडच्या कोणत्याही गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात, ते एकेकटे पाहू नयेत, त्यांचे मूळ एकत्र शोधावे. टर्बो गेला, टायमिंग चेनचा आवाज येतो, पिकअप गेला, धूर मारते, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, ऑइल खाते. यातले निम्मे आजार थेट ऑइलपाशी जातात. इंजिनात ऑइल बसते ते तीन लिटरच्या आसपास, म्हणजे फारच थोडे. डिझेलच्या ज्वलनातली काजळी त्यात सतत मिसळत असते. थोड्या ऑइलमध्ये काजळी जास्त, म्हणून ते लवकर घट्ट होते आणि त्याचे वंगणाचे गुण उतरतात. मारुतीने आपल्याकडे दर दहा हजार किलोमीटरला, किंवा वर्षातून एकदा, ऑइल बदलायला सांगितले ते याचसाठी. पण गाडी वॉरंटीतून बाहेर पडली की हा नियम सुटतो. पंधरा हजार, वीस हजार, कधी फक्त वरून अर्धा लिटर टाकून पुढे. वर्षाला पाच हजारच किलोमीटर चालणारी गाडी तर दोन-दोन वर्षे त्याच ऑइलवर राहते, कारण किलोमीटर झालेलेच नसतात. त्यात ग्रेडचीही चूक होते. मॅन्युअलमध्ये पातळ ऑइल सांगितलेले असताना दाट ऑइल चांगले, या समजाने ट्रॅक्टरला चालणारे ऑइल ओतले जाते. थंडीच्या दिवसांत सकाळी ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि चेनच्या टेन्शनरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि झीज नेमकी त्या काही सेकंदांत होते.

टायमिंग चेनचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण या इंजिनावर सर्वांत मोठा आरोप तिथेच आहे. रबरी बेल्टऐवजी चेन दिलेली असल्यामुळे ती आयुष्यभर बदलावी लागत नाही, असे गिऱ्हाइकाला सांगितले गेले. ही चेन ताणून धरतो तो टेन्शनर, आणि तो चालतो ऑइलच्या दाबावर. ऑइल जुने झाले, त्यात गाळ साचला, पातळी खाली गेली, की टेन्शनरला पुरेसा दाब मिळत नाही, चेन सैल पडते, तिचे दुवे झिजून ती लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद समोरून खडखड ऐकू येते. इंजिन सांगून ठेवते की वेळ आली आहे. हा आवाज ऐकूनही गाडी तशीच चालवली, तर एक दिवस चेन दातावरून उडी मारते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ चुकते, रॉकर तुटतात आणि काम हेड उघडण्यावर जाते. युरोपात याच इंजिनासाठी ऑइल बदलण्याची मुदत तीस हजार किलोमीटरपर्यंत जाहीर झाली होती, आणि तिथल्या फियाट व ओपेल गाड्यांतही चेनच्या तक्रारी भरपूर झाल्या. रस्ते चांगले, डिझेल शुद्ध, तरीही. यावरून मला जे दिसते ते हे, की चेनचे आयुष्य मुख्यतः ऑइलच्या मुदतीशी बांधलेले आहे. इथल्या धुळीचा आणि चढांचा वाटा त्यानंतरचा.

टर्बोचेही तसेच. महामार्गावर शंभरच्या वेगाने तासभर आलेली गाडी उंब्रजच्या ढाब्यावर उभी करून लगेच चावी फिरवली, तर टर्बो अजून तापलेला आणि फिरत असतो, पण ऑइलचा पुरवठा मात्र थांबलेला असतो. थांबलेले ऑइल तिथेच जळून कडक थर धरते. एक मिनिट इंजिन रिकामे चालू ठेवले तर हे टळते. याच्या उलट प्रकारची चूक घाटात दिसते. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरमध्ये बाराशे-तेराशे फेऱ्यांवर गाडी रेटली जाते, कारण गिअर खाली घेतला तर एव्हरेज कमी होईल असे चालकाला वाटते. पण साध्या टर्बोच्या या इंजिनाला दोन हजारांच्या आसपास पोहोचल्याशिवाय पुरेशी हवा मिळत नाही. कमी हवेत जास्त डिझेल पडते, काळा धूर निघतो, काजळी वाढते आणि क्लचही घासतो. गिअर खाली घेऊन फेऱ्या वर ठेवल्या तर तीच गाडी सहज चढते. काजळीचा हा प्रश्न पुढे ईजीआरमध्ये जातो. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा हा व्हॉल्व्ह काजळी आणि ऑइलच्या वाफेने चिकटतो, आणि गाडी ओढेनाशी होते. त्यावर सोपा आणि सर्रास उपाय म्हणजे पत्रा लावून ईजीआर बंद करणे. गाडी लगेच सुधारल्यासारखी वाटते, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढते, आणि धूर कमी करण्यासाठी दिलेली यंत्रणा काढून टाकणे बेकायदा आहे. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड उतरवून स्वच्छ करणे हे खरे काम. त्याला एक दिवस लागतो, म्हणून ते टाळले जाते.

इंजेक्टरची गोष्ट डिझेलच्या शुद्धतेची आहे. इतक्या सूक्ष्म छिद्रांना पाण्याचा एक थेंबही गंज देऊ शकतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते ते काढण्यासाठी स्क्रू दिलेला असतो, पण तो वर्षानुवर्षे उघडला जात नाही. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये भरून ठेवलेले डिझेल कधीतरी गाडीत ओतले जाते, आणि पावसाळ्यात त्या कॅनमध्ये ओल धरलेली असते. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळू लागले की डांबरासारखा काळा थर जमतो, तोही पाहिला जात नाही. जुन्या गाड्यांवर आणखी एक अन्याय झालेला आहे, आणि त्याचा दोष मालकांकडे जात नाही. २०१० मध्ये पुणे आणि सोलापूर धरून देशातल्या तेरा शहरांत बीएस-४ डिझेल आले, ज्यात गंधक दहा लाख भागांत पन्नास भागांपेक्षा जास्त नसायचे. उरलेल्या देशात बीएस-३ चे डिझेल चालू राहिले, साडेतीनशे भागांपर्यंत गंधकाचे. पुढे काही गावांची भर पडत गेली, पण संपूर्ण देशाला स्वच्छ डिझेल मिळाले ते १ एप्रिल २०१७ ला. गंधक जास्त असले की ज्वलनात आम्ल तयार होते आणि ऑइल लवकर खराब होते. म्हणजे ग्रामीण भागातल्या गाड्यांना त्यांच्या तरुण वर्षांत शहरापेक्षा लवकर ऑइल बदलायची गरज होती, आणि सवय नेमकी उलट होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तेच. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी. उसाच्या पट्ट्यातल्या पाण्याचा खारटपणा सर्वांनाच माहीत आहे. त्याने आतून गंज आणि क्षारांचा थर धरतो, मग गाडी तापते, मग हेड गॅस्केट जाते, आणि शेवटी दोष लावला जातो इंजिनाला.

पण देखभालीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही गाडी मुळात कोणी घेतली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. बत्तीस रुपयांचे अंतर. लिटरला अठरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी आणि बावीस देणारी डिझेल गाडी धरली, तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचत होते. डिझेल गाडीला लाखभर रुपये जास्त मोजले तरी पंचेचाळीस हजार किलोमीटरमध्ये ते परत मिळत. साहजिकच त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ज्यांना रोज साताऱ्याला किंवा सांगलीला जायचे होते त्यांनी त्या घेतल्या, आणि ज्यांना फक्त विद्यानगरहून मंडईत यायचे होते त्यांनीही घेतल्या. सरकारने जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर महिन्याला थोडे थोडे वाढवायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त केले. आज महाराष्ट्रात दोन्हींतले अंतर पंधरा रुपयांच्या आत आहे. किमतीचा फायदा गेला आणि चुकीच्या कामाला लावलेले इंजिन मागे उरले. रोज तीन-चार किलोमीटर चालून बंद होणारे डिझेल इंजिन नीट तापतच नाही. न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, ईजीआर चिकटतो, काजळी साचत जाते. उलट आठवड्यातून तीनदा कराड-कोल्हापूर करणारी, वेळेवर ऑइल बदललेली गाडी दोन लाख किलोमीटरनंतरही सकाळी एका चावीत सुरू होते. गाडी जुनी झाली म्हणून बिघडली, की तिला रोज अपुरे काम दिले म्हणून बिघडली, हे विचारल्याशिवाय तिचा निकाल लावणे चूक आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सगळा दोष मालकाच्या माथी मारून कंपनीला सोडून देत आहात. तसे नाही. तीन लिटर ऑइलवर इतके काम टाकणे हा रचनाकारांनी स्वीकारलेला धोका आहे, आणि चेनसारखा भाग बदलावाच लागणार नाही असा समज पसरवून इंजिन विकणे हा विकणाऱ्यांचा दोष. गिऱ्हाइकाला गाडी देताना एव्हरेजचा आकडा ठळक अक्षरांत सांगितला गेला. २०११ च्या स्विफ्टचा तो लिटरला २२.९ किलोमीटर होता. टर्बो थंड होऊ द्या, फिल्टरमधले पाणी काढा, वर्षाला एकदा ऑइल बदलाच, हे त्याच ठळकपणे सांगायला हवे होते. तरीही एक गोष्ट उरते. रचनेचा दोष सगळ्या गाड्यांत सारखा असतो. तोच मुख्य असता तर सगळ्या गाड्या साधारण एकाच किलोमीटरला गेल्या असत्या. प्रत्यक्षात एकाच वर्षाच्या दोन डिझायरपैकी एक सव्वा लाखाला हेड उघडून बसते आणि दुसरी अडीच लाखाला टॅक्सी म्हणून चालू असते. हा फरक रचनेतून येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मी टाळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. २०२० पूर्वीच्या या छोट्या गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ नाही. उत्तम स्थितीतले असे इंजिनही बीएस-६ गाडीपेक्षा जास्त काजळी सोडते, हे मान्य केलेच पाहिजे. मग त्यांना पाच वर्षे आणखी का द्यायची? माझे उत्तर दोन भागांत आहे. एक, ज्या गाडीचा ईजीआर बंद केलेला आहे, इंजेक्टर गळतात, ऑइल जळते, ती गाडी त्याच वर्षाच्या सुस्थितीतल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडते. वयाचा नियम या दोघींना एकच मानतो. तो दहा वर्षांच्या घाणेरड्या गाडीला पाच वर्षे मोकळे सोडतो आणि सोळा वर्षांच्या स्वच्छ गाडीला पकडतो. श्वास घेणाऱ्या माणसाचे भले यात नाही. दुसरे, मी सवलत मागत नाही, कडक तपासणी मागतो. कराडसारख्या गावात, जिथे सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे मलकापूर आणि कोल्हापूर नाक्यावर गाड्या तासन्तास खोळंबत आल्या आहेत, तिथे धूर सोडणारी प्रत्येक गाडी थांबवावी, मग ती कितीही नवी असो. आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या मालकाने डिझेल गाडी पासिंगला नेण्यापेक्षा सीएनजी किंवा विजेच्या गाडीचा विचार करावा, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणतो. त्या माणसासाठी ती गाडी पंधरा वर्षांपूर्वीही चुकीचीच होती.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: तपासणी कागदावरच राहते, पीयूसी पैसे देऊन मिळते, मग प्रकृती पाहणार कोण? हा आक्षेप खरा आहे, पण तो तपासणी सोडून द्यायचे कारण ठरत नाही. डिझेल गाडीची धूर तपासणी कशी करायची हे नियमात स्पष्ट आहे. इंजिन पूर्ण तापलेले हवे, गिअर न्यूट्रलमध्ये हवा, ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा आणि त्या क्षणीच्या धुराची घनता मोजायची. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला ती प्रति मीटर २.४५ पर्यंत चालते, बीएस-४ गाडीला १.६२ पर्यंत. थंड इंजिनावर अर्धा पॅडल दाबून घेतलेला आकडा खोटा असतो. किती मालक स्वतःच म्हणतात की पूर्ण दाबू नका, काहीतरी तुटेल. ज्या इंजिनाचा पॅडल पूर्ण दाबायला मालक घाबरतो, त्याच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र तिथेच मिळालेले असते. परिवहन विभागाला नवीन कायदा लागत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी ही चाचणी निरीक्षकासमोर, गरम इंजिनावर व्हावी. ईजीआर जागेवर आहे आणि चालू आहे हे पाहावे. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांत ओबीडी-२ ची जोडणी असते, तिला स्कॅनर लावून नोंदलेले दोष वाचावेत. ते काम पाच मिनिटांचे आहे. तपासणीत नापास झालेल्या गाडीला दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी, आणि त्यानंतरही नापास झाली तर ती गाडी भंगारात जावी, सोळाव्या वर्षी असो की नवव्या.

गॅरेजचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. आपल्याकडचे मेकॅनिक हाताने हुशार आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसे ओगलेवाडीपासून उंडाळ्यापर्यंत सापडतात. पण कॉमन रेलमध्ये आवाज पुरेसा नसतो. रेलमधला दाब किती, प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो, हे मोजावे लागते. मोजण्याचे साधन नसेल तर अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, आणि बिल मालकाला भरावे लागते. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड आहे, कराडला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोघांनी मिळून चालू गॅरेजच्या मेकॅनिकांसाठी शनिवार-रविवारचे छोटे वर्ग घेतले, इंजेक्टरची परतगळती कशी मोजायची, चेनचा ताण कसा तपासायचा, ईजीआर कसा स्वच्छ करायचा एवढेच शिकवले, तर या भागातल्या हजारो गाड्यांचे आयुष्य आणि त्यांचा धूर, दोन्ही बदलेल. ज्या खोऱ्यात डिझेल इंजिन बनवण्याची परंपरा होती, तिथे ते दुरुस्त करण्याचे ज्ञान इतके मागे राहावे, याचे मला वाईट वाटते.

जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्यांनाही यातून काही सांगायचे आहे, कारण नापास होण्याच्या भीतीने आज कितीतरी गाड्या बाजारात येत आहेत. मीटरवरचा आकडा आणि आतली चकाकी पाहून व्यवहार करू नका. गाडी पहाटे, पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. समोरून खडखड येते का ऐका. ऑइलची कांडी काढून ऑइल किती घट्ट आहे ते बोटावर पाहा. चढावर दोन हजार फेऱ्यांच्या वर गाडी ओढते का, आणि तेव्हा मागे काय रंगाचा धूर येतो, हे मागे माणूस उभा करून पाहा. ऑइल बदलल्याची बिले मागा. बिले नसलेल्या गाडीची किंमत चेन किट, टर्बोची तपासणी आणि इंजेक्टरची तपासणी धरूनच करा.

आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांना एक विनंती. पासिंगचे पाच हजार भरण्याआधी ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून घ्या, ईजीआर उतरवून स्वच्छ करा, चेनचा आवाज तपासा, आणि मगच धुराची चाचणी पूर्ण पॅडल दाबून करून घ्या. आकडा मर्यादेत आला तर गाडी निर्धास्त ठेवा. आला नाही आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात न मारता नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या.